फ्रीआरटीओएस की झेफर? आधी एक बिघाड मुद्दाम घडव

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आर्डुइनोवर दोन-तीन प्रोजेक्ट केलेत. एम्बेडेडमध्येच जायचंय. त्यासाठी लागणारी आरटीओएस (कामं ठरल्या वेळेत उरकणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणून फ्रीआरटीओएस शिकू की झेफर? बाबा म्हणतात, जे फुकट मिळतं त्यावर पगार कोण देणार? शिवाय बोर्ड कोणता घेऊ?

उत्तर : बाबांची शंका आधी घेते, कारण ती रास्त आहे. फ्रीआरटीओएस एमआयटी परवान्याखाली मिळतं, झेफर अपाची २.० खाली. कंपनीचे पैसे वाचतात ते परवान्याचे. नव्या चिपवर कर्नल चढवणं, ड्रायव्हर लिहिणं, बॅटरी जास्त वेळ पुरेल असं बघणं ही कामं कुणाला तरी करावीच लागतात. वैद्यकीय किंवा रेल्वेच्या उपकरणात तर सुरक्षिततेचे पुरावेही द्यावे लागतात, आणि ते फुकटच्या कोडबरोबर आपोआप येत नाहीत. पगार या कामांचा असतो.

आता फ्रीआरटीओएस की झेफर. माझं मत विचारशील तर आधी फ्रीआरटीओएस. २००३ सालापासून ते वापरात आहे आणि त्याचा गाभा टास्क्स, क्यू आणि लिस्ट या तीन सी फायलींत मावतो. सुट्टीत बसून वाचता येईल एवढा. झेफर २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलं. त्यात डिव्हाइसट्री (हार्डवेअरचं वर्णन) आणि केकॉन्फिग (बिल्डमध्ये काय घ्यायचं त्याची निवड) लिनक्सच्याच वळणाचे आहेत, त्यामुळे पुढे ते शिकणं फायद्याचंच. पण पहिल्याच दिवशी त्या जंजाळात शिरलीस तर कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा शेड्यूलर राहील बाजूला आणि बिल्डच्या एरर निस्तरत बसशील.

दोन टास्क (आपापली चालणारी कामं) बनवून दोन एलईडी लुकलुकवणं सगळेच करतात. तू तीन टास्क बनव. खालच्या प्राधान्याचा टास्क बायनरी सेमाफोर (एका वेळी एकालाच मिळणारी खूण) धरून थोडं काम करेल आणि सोडेल. वरच्या प्राधान्याचा टास्क त्याच सेमाफोरची वाट पाहत थांबेल आणि मिळाला की एलईडी बदलून तो परत देईल. एवढं झालं की, सेमाफोर खालच्या टास्ककडे असतानाच मधल्या प्राधान्याचा टास्क जागा कर आणि त्याला कुठेही न थांबता नुसतं गणित करत ठेव. एलईडी बदलायचा थांबेल. मधला चालू असेपर्यंत खालच्याला वेळच मिळत नाही, म्हणून सेमाफोर सुटत नाही. सर्वांत महत्त्वाचा टास्क अडकलाय तो मधल्यामुळे, ज्याचा त्या सेमाफोरशी काडीचाही संबंध नाही. आता सेमाफोरच्या जागी म्युटेक्स टाक. एलईडी पुन्हा चालेल, कारण फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स आहे (वाट पाहणाऱ्याचं वरचं प्राधान्य तात्पुरतं धरणाऱ्याला मिळतं), बायनरी सेमाफोरमध्ये नाही.

१९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. तिथली आरटीओएस, व्हीएक्सवर्क्स, ओपन सोर्स नव्हती. इंजिनिअरांनी पृथ्वीवरून म्युटेक्सची तीच सोय चालू करून दिली आणि रीसेट थांबले. तुझ्याकडे मात्र सोर्स आहे. टास्क्सच्या फायलीत प्राधान्य नेमकं कुठे वर चढतं ती ओळ शोध आणि डीबगरमध्ये (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) तिथे थांबून बघ. मुलाखतीत ‘आरटीओएस येतं का?’ असं विचारलं की बहुतेक मुलं व्याख्या सांगतात. तू हा बिघाड कागदावर काढून दाखव. (हे रेझ्युमेत एका ओळीत मावतं, कोडची लिंक तेवढी दे.)

नंतर दोन गोष्टी बघ : टास्कचा स्टॅक (त्याच्या वाट्याची कामचलाऊ मेमरी) अपुरा पडला की काय होतं, आणि इंटरप्टमधून (हार्डवेअरने चालू काम मध्येच थांबवून करवलेलं काम) क्यूत, म्हणजे टास्कच्या निरोपांच्या रांगेत, टाकायचं फंक्शन वेगळं का असतं. कॉर्टेक्स-एम (आर्मचे छोटे प्रोसेसर) वर इंटरप्टच्या प्राधान्याचा आकडा जितका लहान तितकं प्राधान्य मोठं, आणि फ्रीआरटीओएसच्या टास्कचं नेमकं उलटं. इथे भलेभले फसतात.

बोर्ड म्हणशील तर कुठल्याही कंपनीचा साधा कॉर्टेक्स-एम चालेल, फक्त डीबगर बोर्डवरच असलेला घे. आर्डुइनोत प्रिंट टाकून चूक शोधायची सवय लागते. इथे प्रिंटलाच वेळ लागतो, वेळेचं गणित बदलतं आणि कधीकधी चूकच दिसेनाशी होते. बोर्ड हातात येईपर्यंत क्यूईएमयूवर (संगणकावरच बोर्डाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सुरुवात कर, वरचा तीन टास्कचा प्रयोग तिथेही जमतो. एलईडीऐवजी एक काउंटर वाढव आणि तो डीबगरमधून बघ.