कोरा चेक देऊ नका, कोर्टाचा कागद परत पाठवू नका

प्रश्न : आम्ही हुपरीत राहतो. मिस्टर पैंजणांचं काम करतात, भट्टी आणि मशीन घरातच आहे. चांदीचा भाव चढला तेव्हा माल घ्यायला त्यांनी क्रेडिट कार्ड वापरलं. कार्डाची मर्यादा १ लाख २० हजारांची. गेल्या दिवाळीपासून बिल भरता आलं नाही, आता बँक १ लाख ८६ हजार मागते. फोनवर ‘तीन दिवसांत अटक वॉरंट’ असा मेसेज आलाय. वसुलीवाले माझ्या भावालाही फोन करतात. परवा दोघं घरी आले आणि ‘सही करून चेक द्या, नाहीतर मशीन उचलू’ म्हणाले. लोकअदालतीचा कागदही आलाय. मिस्टरांना रात्री झोप नाही. अटक होईल का?
– एक भगिनी, हुपरी

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना हे वाचून दाखवा : कार्डाचं बिल थकलं, एवढ्यावरून अटक होत नाही. हे दिवाणी देणं आहे. वॉरंट कोर्ट काढतं, वसुलीवाल्याच्या फोनवरून ते निघत नाही. पैसे असूनही जो ते लपवतो आणि हुकूमनामा (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) झाल्यावरही देत नाही, त्याला दिवाणी तुरुंगात टाकता येतं. पण ज्याच्याकडे द्यायलाच नाही त्याला नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. खोटी कागदपत्रं देऊन कार्ड घेतलं असेल तर गोष्ट निराळी, तसं तुमच्या पत्रात काही नाही.

आता चेकचं. तो दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर आजच मला कळवा किंवा जवळच्या वकिलाकडे जा. कार्डापायी फौजदारी कोर्टात उभी राहिलेली जी माणसं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांनी घाबरून चेक दिलेला असतो. खात्यात पैसे नसताना तो वटला नाही, की चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ लागतं. बँकेची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाही तर खटला उभा राहतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या देण्यात अटकेचा प्रश्नच नव्हता, त्यात तुमच्याच सहीनं तो येतो. खात्यातून आपोआप हप्ता कापायला परवानगी दिली आणि तो परत गेला, तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली तसाच खटला होतो. तेव्हा ‘फक्त सुरक्षेसाठी ठेवतो’ असं कितीही गोड बोलून मागितलं तरी नाही म्हणा.

मशीन उचलण्याचा अधिकार त्या दोघांना नाही. कार्डाच्या कर्जाला तारण नसतं, त्यामुळे बँकेला आधी दावा लावावा लागतो. त्याचं समन्स आलं की मात्र एक दिवसही घालवू नका. पोस्टमनला ‘माणूस घरात नाही’ सांगून पाकीट परत पाठवणारे पुष्कळ बघितलेत, आणि त्यांच्या माघारी एकतर्फी हुकूमनामा झालेलाही बघितलाय. बँक बऱ्याचदा संक्षिप्त, म्हणजे झटपट निकाली निघणारा दावा लावते, त्यात हजर राहायला फक्त १० दिवस असतात. हजर राहिलात तर व्याज आणि दंडाच्या आकड्यावर बोलता येतं, हप्ते मागता येतात.

हुकूमनामा झाल्यावर जप्ती होऊ शकते, हे लपवून चालणार नाही. घर मिस्टरांच्या नावावर असेल तर तेही त्यात येऊ शकतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं काही गोष्टी वाचवल्यात : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, तुमचं मंगळसूत्र, मजुरी, आयुर्विम्याची रक्कम आणि कारागिराची हत्यारं. हातातल्या हत्यारांबद्दल शंका नाही. मोठ्या मशीनवर वाद होऊ शकतो, तिथे वेळेत लेखी हरकत घ्यायलाच हवी. व्यापाऱ्यानं कामाला दिलेली चांदी तर मिस्टरांची मालमत्ताच नव्हे, तिच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

लोकअदालतीच्या कागदानं घाबरू नका, त्या दिवशी जा. दावा लावण्याआधीची तडजोड म्हणून असे कागद येतात. तिथे तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही. पण एकदा ठरून सह्या झाल्या की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून महिन्याला खरोखर जेवढं देता येईल तेवढंच कबूल करा. मंदीच्या महिन्यात काय उरतं ते धरून हिशेब करा, सीझनचा आकडा धरू नका. रक्कम कमी करून मिटवायचं ठरलं तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या, पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका. अशी तडजोड सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत ‘सेटल्ड’ म्हणून राहते आणि पुढं कर्ज मागताना आडवी येते. पूर्ण फेडणं झेपत असेल तर तेच करा. झेपत नसेल तर या शेऱ्यापायी सावकाराकडे मात्र जाऊ नका.

‘तीन वर्षं दडून राहा, दावा लावायची मुदत संपते’ असं सांगणारेही भेटतील. ऐकू नका. मधे बँकेनं दावा लावला किंवा तुम्ही देणं लेखी कबूल केलं तर तो हिशेबच बदलतो, आणि तोवर व्याज चढतच राहतं. महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.

भावाला येणारे फोन बंद झाले पाहिजेत. वसुलीचा फोन सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय. फोनची तारीख-वेळ वहीत लिहा, मेसेज जपा आणि बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. मिस्टर उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर मोफत वकील मिळेल. तुम्ही दोघंही जा. ते एकटे गेले तर अर्धं सांगायचं राहील.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या कार्डावर ७४ हजार बाकी आहेत. शाहूपुरीत भाड्यानं राहायचे, मागे ३० हजारांची ठेव आहे. बँक मला भरायला सांगते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वारसाची जबाबदारी वडिलांकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच असते. म्हणजे या ३० हजारांपलीकडे तुमच्या पगाराला कुणी हात लावू शकत नाही. ठेव त्याच बँकेत असेल तर बँक ती बाकीत वळती करू शकते. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला पत्र द्या, कार्ड बंद करायला आणि त्या तारखेनंतरचं व्याज-दंड काढून टाकायला सांगा. कार्डासोबत विमा होता का, तेही त्याच पत्रात विचारा. आणि ‘मी बाकी भरेन’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.