ओट्याखालची जुनी शटर आणि पाच हजारांचं बजेट

प्रश्न : ओट्याखालच्या ट्रॉल्या करून अठरा वर्षं झाली. बारा शटर आहेत, वर मरून सनमायका. सांगाडा धडधाकट आहे, पण स्वयंपाकघर फार काळोखं वाटतं. नवीन फर्निचर परवडणार नाही. पाच हजारांत घरीच रंग देता येईल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : येईल. फक्त रंगाच्या डब्याआधी प्रायमरचा डबा निवडा. सनमायकाचा वरचा थर मेलामाइनचा असतो, काचेसारखा बंद. लाकूड रंग पितं तसा तो पीत नाही, रंग त्यावर नुसता बसतो. दुकानदार म्हणेल, लाकडाचा प्रायमर चालतो की! सनमायकावर तो चालत नाही. लॅमिनेट, टाइल, काच अशा गुळगुळीत पृष्ठभागांसाठी असल्याचं डब्यावर लिहिलेला बाँडिंग प्रायमरच घ्या. महाग पडतो, पण काटकसर करायची ती दुसरीकडे.

ती अशी. शटरची आतली बाजू चांगली असेल तर रंगवूच नका. दोन बाय दीड फुटांचं शटर धरलं तर बारा शटरची दर्शनी बाजू ३६ चौरस फूट होते, कडा आणि चौकट धरून साधारण ६०. एका लिटरमध्ये एका हाताचे शंभरेक चौरस फूट निघतात. म्हणजे प्रायमर एक लिटर (थोडा उरेल) आणि दोन हातांसाठी रंग दीड लिटर. शिवाय चार इंची फोमचा रोलर, दीड इंची ब्रश, मास्किंग टेप, १८० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर. मजुरी वाचवली तर पाच हजारांत सहज बसतं, उरलेल्यातून हँडल बदलता येतात. नवीन हँडल घेण्याआधी जुन्याच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा. ते बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं. तेवढंच घेतलं तर जुनी भोकं बुजवावी लागत नाहीत.

शटर उतरवूनच रंगवा. प्रत्येकाचा नंबर बिजागरीच्या वाटीसाठी पाडलेल्या गोल खड्ड्यात पेन्सिलीनं लिहा आणि वर टेप लावा. तिथे रंग जात नाही, नंबर शाबूत राहतो. आडवी-उभी बारा शटर नंतर ओळखू येत नाहीत आणि दारं तिरकी बसतात.

आता धुणं. शेगडीजवळच्या शटरवर, हँडलच्या वरच्या अंगाला नख ओढून बघा. पिवळट, मेणचट थर निघेल. फोडणीचं तेल आणि भाकरी थापताना उडालेलं ज्वारीचं पीठ मिळून तो झालेला असतो. ओल्या फडक्यानं तो निघत नाही, पसरतो. पाच लिटर गरम पाण्यात चार टेबलचमचे धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून स्क्रबरनं घासा. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर तिथे सोडा लावू नका, काळ्या पडतात. मग साध्या पाण्यानं दोनदा पुसा. बोअरच्या जड पाण्यात सोड्याचा पांढरा साका राहतो आणि रंग त्या साक्यावर बसतो, सनमायकावर नाही. म्हणून शेवटचं पुसणं नळाच्या पाण्यानं, आणि पाणी येण्याच्या दिवशीच हे काम काढा. पुसायला टर्किश टॉवेल घेऊ नका. आपल्याकडे घरोघरी तेच हाताशी असतात खरे, पण त्यांची लव प्रायमरमध्ये अडकते. जुनं मऊ धोतर उत्तम.

सुटलेली कडेची पट्टी आधी रबराच्या गोंदानं चिकटवा: दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला लागेनासा झाला की दाबा. मग १८० नंबरनं घासा. चकाकी जाऊन दुधाळ मंदपणा आला की थांबा. खालचा तपकिरी कागद दिसला तर जास्त झालं.

आधी एकाच शटरच्या मागे प्रायमर लावून पाहा. चोवीस तासांनी ब्लेडनं बारीक चौकटी कापा, सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपला प्रायमर आला नाही तरच बाकीची अकरा घ्या.

रंग वॉटर बेस्ड इनॅमल, सॅटिन फिनिश. ऑइल पेंट स्वस्त पडतो, पण त्यातला पांढरा पिवळा पडतो, उजेड न लागणाऱ्या जागी जास्तच. मॅट नको, हळद धरतो. शटर चार उलट्या वाट्यांवर आडवं ठेवून पातळ हात द्या, पंखा बंद ठेवून. गच्चीवर उन्हात मुळीच नको. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्यासारख्या तापलेल्या शटरवर रंग रोलर फिरेपर्यंत ओढ धरतो, बुडबुडे आणि पट्टे तसेच राहतात. सकाळी दहापर्यंत आत काम उरका. दोन हातांमध्ये डब्यावरची वेळ पाळा आणि ३२० नंबर हलका फिरवा. हाताला सुका लागलेला रंग आत कच्चाच असतो. शटर तीन दिवसांनी बसवा, ओलं फडकं दोन-तीन आठवडे लावू नका. घाईनं बंद केलेलं दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना रंग घेऊन येतं.

प्रश्न : गेल्या वर्षी पेंटरकडून शटर रंगवली. आता हँडलजवळ रंगाचे पापुद्रे निघतात. तेवढ्याच जागी परत हात मारला तर? – एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : पापुद्रा उलटा करून पाहा, कारण तिथेच दिसतं. मागची बाजू गुळगुळीत आणि खालचा सनमायका चकचकीत असेल, तर घासलंच नव्हतं. मागे चिकट लागत असेल तर तेल राहिलं होतं. प्रायमर शटरवरच आणि फक्त रंग सुटला असेल, तर प्रायमर न पुसता, तेलकट हात लागलेला असताना रंग दिला गेला. तिसऱ्या प्रकारात सुटलेलं खरवडून, कडा घासून त्या जागेची दुरुस्ती टिकते. पहिल्या दोनमध्ये आज हँडलजवळ निघालं ते उद्या मधे निघेल. सगळं काढावं लागतं.

प्रश्न : सिंकखालचं शटर खालून फुगलंय. लांबी (पुट्टी) भरून रंगवू का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नको. पार्टिकल बोर्डचा भुसा पाण्यानं फुगला की वाळूनही बसत नाही, लांबी वर्षभरात तडकते. तेवढं एकच शटर ७१० मार्कच्या, म्हणजे पाणी सोसणाऱ्या प्लायचं किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळीचं) करून घ्या आणि बाकीच्यांसोबत रंगवा. खालची कड रंगवायची विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं, आणि दिसत नाही म्हणून सगळे तीच सोडतात. अर्थात आधी सिंकचा पाइप कुठे गळतो ते बघा.

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी फडताळ आहे. त्यावर ऑइल पेंटचे चार-पाच थर. घासून पॉलिश करावं म्हणते. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. – एक वाचक, बाळे

उत्तर : ताई, कोरडं घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत घातक. थर घट्ट असतील तर पॉलिशचा विचार सोडा. वॉटर पेपर पाण्यात भिजवून फक्त चकाकी मारा, गाळ ओल्या कागदानं टिपून पिशवीत बांधून टाका आणि वर प्रायमर व रंग द्या. काम होईपर्यंत बाळाला त्या खोलीत आणू नका. नंतर फरशी झाडू नका, दोनदा ओलीच पुसा.