वाचक विचारतात : वर्गणीतून महासागरी कालवा?

प्रश्न (वास्को): मध्य अमेरिकेत दोन महासागर जोडणारा कालवा स्थानिकांनीच सहकारी तत्त्वावर खणावा, असा प्रस्ताव वाचला. गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्याने मांडवी-झुवारी नद्या जोडल्याच ना? तिथे लॉक (पाणी अडवून जहाज वर-खाली करणारे दारांचे कप्पे) कुठे आहेत?

उत्तर: कुंभारजुवेच्या दोन्ही तोंडांना एकाच अरबी समुद्राची भरती लागते, म्हणून दारांवाचून भागते. पनामात पॅसिफिककडे भरती-ओहोटीतला फरक 6 मीटरपर्यंत जातो, कॅरिबियनकडे जेमतेम अर्धा मीटर. समुद्राच्या पातळीला सरळ चर खणला, तरी भरतीची ओढ आवरायला निदान एक लॉक हवेच.

खणाई वाचवण्यासाठी जहाज वर चढवले, तर गोडे पाणी खर्ची पडते. पनामा कालव्याच्या वाटेवरचे गातून सरोवर समुद्रापेक्षा 26 मीटर उंच. जुन्या लॉकमधून एक जहाज पार होताना सुमारे 20 कोटी लिटर पाणी समुद्राला मिळते. 2023 मध्ये पाऊस कमी पडला आणि रोजची 36च्या आसपास जहाजे 24वर आणावी लागली. 2016च्या मोठ्या लॉकांना बाजूचे हौद आहेत, त्यांतून 60 टक्के पाणी पुन्हा वापरता येते. मात्र त्यामुळे सरोवरात खारेपणा जास्त शिरतो, आणि तेच सरोवर शहरांना पिण्याचे पाणी पुरवते. खाजनाची (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीची) मानस, म्हणजे पाणी अडवणारे दार, सांभाळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न (साखळी): माती किती निघेल, हे घरबसल्या काढता येते का?

उत्तर: ढोबळ आकडा निघतो. तळाची रुंदी गुणिले खोली, त्यात उताराचा आकडा गुणिले खोलीचा वर्ग मिळवा. तळ 100 मीटर, पाणी 15 मीटर, वर डोंगर 50 मीटर. म्हणजे खोली 65. काठ एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे, म्हणजे उताराचा आकडा 2) धरला तर छेद 14,950 चौरस मीटर, एका किलोमीटरला दीड कोटी घनमीटर. 10 घनमीटरच्या टिपरच्या 15 लाख खेपा! खणलेली माती फुगते, तेव्हा खेपा वाढतीलच.

खरी गोची काठाची. चिकणमाती निघाली आणि उतार एकास चार करावा लागला, तर तोच किलोमीटर 2.34 कोटींवर जातो. पनामा कालव्यावरच्या कुलेब्राच्या खिंडीत हेच झाले. कालवा 1914 मध्ये सुरू झाला आणि 1915च्या दरडींनी जवळपास सात महिने बंद पडला. पावसाचे पाणी फटींत मुरते, खालचा आधार काढलेला असतो, वरचा डोंगर घसरतो. खाणींच्या डंपांखाली राहणाऱ्यांनी हा प्रकार पाहिला आहे.

प्रश्न (दिवाडी): मग गावांनी प्रस्ताव करायचाच तर आरंभ कुठून?

उत्तर: वर्गणीपासून नक्कीच नाही. दोन्ही टोकांना वर्षभर दर तासाची भरतीची नोंद घ्यावी. पावसाचे किमान 30 वर्षांचे आकडे जमवून हिशेब सर्वांत कोरड्या वर्षाचा मांडावा, सरासरीचा नव्हे. त्यानंतर माथ्यावर बोअर घेऊन नमुने तपासायचे. त्याच सुमारास मातीचे ढीग कुठे जाणार, त्या जमिनी कोणाच्या, हे गावसभेत नकाशासह मांडायचे.

शेवटचे काम मागे ठेवले की काय होते, ते निकाराग्वात दिसले. 2013 मध्ये सरकारने एका परदेशी कंपनीला सवलत दिली. मार्ग सुमारे 278 किलोमीटरचा, मधले सरोवर सरासरी 13 मीटर खोल, कालव्याला हवे जवळपास 28. म्हणजे गोड्या सरोवराच्या तळातून चर मारायचा. जमिनी जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, कंपनीचा पैसा आटला, आणि 2024 मध्ये सवलतीचा कायदाच रद्द झाला.