मेंदूचे डावा-उजवा गोलार्ध एकमेकांशी कसे जोडलेले असतात? एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो का?

होतो. आमच्या घरी तो जेवणाच्या ताटात दिसला.

पक्षाघाताला लातूरकडं आम्ही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो, तसं अण्णांचं झालं. डावा हात-पाय गेला, म्हणजे इजा उजव्या गोलार्धात. हालचालीचे बहुतेक तंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात, म्हणून हे उलटं गणित. बोलणं मात्र खणखणीत, कारण भाषेचा कारभार बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात चालतो.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला आईवर खेकसले, “चटणी वाढलीच न्हाई की!” शेंगदाण्याची चटणी नेहमीसारखी ताटात डावीकडं होती. भाकरीसुद्धा उजवीकडून खाऊन मधोमध सोडलेली. आईनं ताट फिरवलं, तेव्हा त्यांना चटणी सापडली. डोळे ठीक होते. डावीकडं लक्षच जात नव्हतं. याचं एक स्पष्टीकरण असं, की दोन्ही गोलार्ध लक्ष आपापल्या विरुद्ध बाजूला ओढतात आणि एकमेकांना आवरूनही धरतात. उजवा लुळा पडला की डाव्याला आवरणारं कुणी उरत नाही, आणि सगळं लक्ष उजवीकडंच ओढलं जातं.

हा व्यवहार मुख्यतः कॉर्पस कॅलोसम नावाच्या जाड पट्ट्यातून चालतो. त्यात साधारण 20 कोटी तंतू असतात. लहान पोरांमध्ये तो पुरता तयार नसतो, म्हणून एक गोलार्ध दुसऱ्याला नीट आवरू शकत नाही. पाटीवर लिहिणाऱ्या पोराच्या रिकाम्या हाताकडं बघा, त्याचीही बोटं सोबत हलतात!

फिट थांबवण्यासाठी काही रुग्णांचा हा पट्टा कापला जायचा. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा या मेंदूशास्त्रज्ञांनी अशा लोकांना नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायला सांगून डावीकडं क्षणभर चित्र दाखवलं. रुग्ण म्हणायचा, काहीच दिसलं नाही. पण त्याचाच डावा हात पडद्याआड चाचपून नेमकी तीच वस्तू उचलायचा. चित्र पोचलं होतं उजव्या गोलार्धात, आणि तोंड डाव्याच्या ताब्यात. स्पेरींना 1981 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. एरवी ही माणसं चालायची, बोलायची, घर सांभाळायची.

‘डावा मेंदू हिशेबी, उजवा कलाकार’ वगैरे फॉरवर्ड मात्र सोडून द्या. धड मेंदूत बहुतेक कामं दोन्ही गोलार्ध मिळूनच उरकतात.

अण्णांच्या व्यायामवाल्या ताईंनी सांगितलं होतं, डावीकडं बसून बोलत जा. त्यामुळं आई अजून चटणी डावीकडंच वाढते आणि त्याच बाजूला बसून म्हणत राहते, “इकडं बगा, इकडं.”