हाडं झिजली की पोखरली?

प्रश्न असा आहे: आईच्या तपासणीत परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी जास्त काम करत असल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. घरातले म्हणतात, हाडं झिजलीत. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि 'परावटू' हा शब्द आला कुठून?

अर्थ एक नाही. झिजणं घासण्यातून येतं. सहाणेवर चंदन झिजतं, चपलेची टाच झिजते, जुन्या वाड्याचा उंबरा झिजतो. गुडघ्याला 'झीज' शोभते, कारण तिथल्या हाडांच्या टोकांवरची कूर्चा खरोखर विरत जाते. परावटूच्या आजारात कशावर काही घासत नाही. या ग्रंथी बहुधा चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, थायरॉइडला मागून चिकटलेल्या. रक्तातलं कॅल्शियम राखणं हे त्यांचं काम. ते उतरलं की त्यांचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढायला लावतं, लघवीवाटे जाणारं मूत्रपिंडाकरवी अडवतं. पण एखाद्या ग्रंथीत गाठ झाली (बहुतेकदा ती कर्करोगाची नसते) की रक्तात कॅल्शियम मुबलक असूनही ही वसुली थांबत नाही. हाडाचं घट्ट कवच मुख्यतः आतल्या बाजूने पातळ आणि सच्छिद्र होत जातं. म्हणून अशा रुग्णाची हाडांची घनता मोजताना कंबर आणि खुब्याबरोबर मनगटाच्या वरचं हाडही मोजतात.

या क्रियेला आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे: पोखरणं. वाळवी लागलेली तुळई वरून धड दिसते आणि एक दिवस कडकन मोडते. हाड पोखरलं, म्हणून ठिसूळ झालं. डॉक्टरांचा शब्द बरोबरच आहे, फक्त तो परिणाम सांगतो, घडलं काय ते सांगत नाही.

'झीज'बद्दल मी एवढा आग्रह धरतो, कारण हा शब्द वय सोबत घेऊन येतो. वयाने झिजायचंच, असं म्हणून माणूस तेल चोळत बसतो आणि रक्तातलं कॅल्शियम तपासायचं राहून जातं.

आता 'परावटू'. अमरकोशात 'अवटु' म्हणजे मानेची मागची बाजू, आपण मानगूट म्हणतो ती. परिभाषेत तो शब्द गळ्यापुढच्या थायरॉइडसाठी घेतला गेला, म्हणजे शब्द मानेला वळसा घालून पुढे आला. 'परा'ची गंमत वेगळी. स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉमने 1880 मध्ये माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन केलं आणि त्यांना थायरॉइडशेजारच्या ग्रंथी असं नाव दिलं. त्यातला 'पॅरा' ग्रीक, अर्थ 'शेजारी'. आपला 'परा' तर पराङ्मुख, परावृत्त यांतला, दूर नेणारा. 'उपनगर'सारखा 'उपावटू' केला असता तर अर्थ नीट बसला असता. पण परावटू रूढ झालाय, आता तो बदलू नये.

एक शब्द मात्र घरात वापरून पाहा. शस्त्रक्रियेने बिघडलेली ग्रंथी काढली की हाडं कधीकधी इतक्या ओढीने कॅल्शियम परत घेतात, की रक्तातलं एकदम खाली येतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. डॉक्टरांच्या इंग्रजीत त्याला भुकेल्या हाडाचंच नाव आहे. तशी वेळ आलीच, तर आईला सांगा, "हाडं भुकेली झालीत." तिला आणखी समजावावं लागणार नाही.