मी जागी होते

“क्षमा मागून मागून थकले, ताई, पण मन काही मोकळं होत नाही.” हे दुखणं घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. त्यातल्या एका बाईंबद्दल, त्यांच्या परवानगीनं, ओळख लपवून लिहिते.

त्यांचं माहेर नाशिकचं शरणपूर. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना १९व्या शतकात आसरा देणारी ही ख्रिस्ती मिशनची वस्ती. मुक्तीची गीतं म्हणतच त्या वाढल्या. पण उपासनेत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५वा अध्याय वाचला गेला, की त्यांची मान खाली जाई. त्यात येशू म्हणतो, ‘मी तान्हेला होतो, तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले नाही.’

सासूबाई दोन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं ह्यांनीच केलं. नातेवाईक अजून कौतुक करतात. नवरा तर चारचौघांत सांगतो. पहिल्या भेटीत मीही तेच केलं. म्हटलं, तुम्ही थकला होतात, माणूसच आहात. त्या गप्प झाल्या. चूक माझी होती. त्यांना समजूत नको होती, क्षमा हवी होती. (झोप-भूक उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. यांचं तसं नव्हतं.)

तिसऱ्या भेटीत त्या बोलल्या. “एका रात्री त्यांनी पाण्यासाठी हाक मारली. दोनदा. मी जागी होते. उठले नाही.”

आठवडाभरात सासूबाई गेल्या. त्याचा त्या रात्रीशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांना ते पटलंही होतं. तरी हाक कानातून जात नव्हती.

सहा वर्षं त्या ‘माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर’ म्हणत होत्या. ही रात्र मात्र कधी ओठांवर आली नव्हती. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात ‘आपण आपली पापे पदरी घेतली तर’ असे शब्द आहेत. पदरी घेणं म्हणजे ‘हे माझंच’ म्हणून देवापुढे ठेवणं. उराशी धरून कुढणं वेगळं. मग आम्ही येशूच्या वधस्तंभाचा भाग वाचला. ‘मला तहान लागली आहे’ म्हणणाऱ्याला तिथं आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, मिळाली, आणि ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ म्हणणारा तोच होता. त्या खूप रडल्या. मग पहिल्यांदाच सासूबाईंचं नाव घेऊन, हाक, तहान, सगळं सांगून त्यांनी प्रार्थना केली.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मीही जागाच होतो.”

पुढच्या भेटीला दोघं आले.