आई तोंडच उघडत नाही

"मॅडम, आई तोंडच उघडत नाही. मी तिला उपाशी मारतेय का?"

अल्झायमर पुढे सरकला की सांभाळणाऱ्या घरातून हा प्रश्न येतोच. या वेळी विचारणाऱ्या ताई साताऱ्याच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आईचं वय ७९, आजाराला नऊ वर्षं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलेलं. दोन महिन्यांत वजन ४८ वरून ४४ किलोवर. त्यात अमेरिकेतल्या दादाचा रोजचा फोन: "नळी घालून टाक, पोटात काही जाईल तरी."

नळीचं बोलणं बाजूला ठेवून ताईंना एका जेवणाचं मोबाइलवर शूटिंग करून आणायला सांगितलं. चार मिनिटांचं होतं, तेवढं पुरलं. आई पलंगावर उशीला टेकून अर्धवट आडवी. ताई शेजारी उभ्या. घास वरून येतोय म्हणून आई मान मागे टाकून तोंड वर करतेय. अशा वेळी श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि घास तिकडे घसरतो. टीव्हीवर मालिका चालू. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात, वर पातळ आमटी. दुसऱ्या घासाला ठसका, आणि मग ओठ घट्ट मिटलेले. ताई म्हणाल्या, "बघा, किती हट्टी झालीय." पण ठसक्याची धास्ती घेतलेलं माणूस दुसरं काय करणार?

आमटी-भात आपण मऊ म्हणून देतो, गिळायला मात्र तो अवघड. आमटी आधीच घशात धावते, शितं तोंडात मागे राहतात, आणि एका घासातल्या या दोन गती सांभाळणं आजारी मेंदूला झेपत नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटाचंही तेच. चुरमुरे, शेंगदाणे, कोरडे पोहे तर नकोतच. गुरगुट्या भात तूप-मेतकूट घालून घोटावा, चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतका दाट. नाचणीचं सत्त्व, घट्ट दही, कुस्करलेलं केळं चालतं. पाणी दाट करायची पावडर मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना विचारूनच.

दुसऱ्या दिवसापासून आई खुर्चीत ताठ, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. ताई समोर स्टुलावर, डोळ्याला डोळा येईल अशा. टीव्ही बंद. चहाचा चमचा, तोही अर्धा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की पुढचा घास. घास गालात धरून ठेवला तर रिकामा चमचा ओठाला लावायचा. बऱ्याचदा तेवढ्यानं गिळणं सुरू होतं. अर्ध्या तासात थांबायचं, कारण पुढे दमणूक होते आणि दमल्यावर ठसका वाढतो. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. जेवणानंतर तोंड साफ करायचं आणि अर्धा तास बसतंच ठेवायचं.

ताट बदललं ते लाल, पांढरा भात उठून दिसावा म्हणून. बोस्टनमधल्या २००४ च्या एका अभ्यासात गडद रंगाच्या भांड्यांमुळे खाणं सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं होतं. रुग्ण नऊच होते, त्यामुळे फार भरवसा नको. पण शंभर-दीडशे रुपयांचं ताट आणून बघायला काय हरकत आहे?

भूक मरण्याची इतर कारणंही चाळली. वजन उतरल्यावर कवळी सैल होऊन हिरडीला घासत होती. पोट पाच दिवस साफ नव्हतं. आणि डोनेपेझिल या अल्झायमरवरच्या गोळीचा डोस याच काळात ५ वरून १० मिलिग्रॅम झाला होता. मळमळ, भूक कमी होणं हे त्याचे ठाऊक असलेले दुष्परिणाम. गोळी मनानं बंद न करता ताईंनी डॉक्टरांशी बोलून घेतलं. त्यांनी डोस कमी केला.

मग नळी. दादांना स्पीकरवर घेतलं. आजाराच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. तोंडातली लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न नळी असूनही फुप्फुसात जाऊ शकतं. रुग्ण नळी ओढतो, म्हणून कधी कधी त्याचे हात बांधले जातात. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये अशा रुग्णांना नळीऐवजी काळजीपूर्वक हातानं भरवण्याचाच सल्ला दिला आहे. तात्पुरत्या, बऱ्या होणाऱ्या आजारात गणित वेगळं असतं, ते डॉक्टर सांगतात. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हात बांधतात हे माहीत नव्हतं."

ताईंच्या फ्रिजवर आता एक चिठ्ठी आहे: ताप, धाप, आवाजात ओली घरघर किंवा एकदम सुस्ती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

महिन्यानं वजन ४४ च होतं. आजार पुढे जातोय, ते वाढेलच असं ताईंनाही कुणी सांगितलेलं नाही. सकाळी दहाला आई गुरगुट्या भाताचे आठ-दहा चमचे घेते. संध्याकाळी कधी दोन चमच्यांवरच ओठ मिटते. ताई वाटी झाकून ठेवतात आणि तासाभरानं पुन्हा विचारतात.